३६ नंबरची दाढ आणि तीन वेगळे सल्ले

हे प्रकरण माझ्या मामीचं. वय ५६, राहायला डोंबिवलीत. मधुमेह दहा वर्षांपासून, शिवाय रक्तदाबाची रोज एक गोळी. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे मिश्री लावायची सवय लहानपणापासूनची, ती अजून पुरती सुटलेली नाही. खालची उजवीकडची एक दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी गावाला काढलेली, तिथे जागा रिकामी. या वेळची तक्रार मात्र डावीकडच्या खालच्या दाढेची होती. त्या एका दाढेपायी तिला तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले आणि खर्चाचा आकडा ८०० रुपयांपासून दीड लाखाच्या वर गेला. तिला विचारूनच हे सविस्तर लिहितोय, कारण असेच कागद हातात घेऊन गोंधळलेली माणसं ओळखीपाळखीत सतत भेटतात आणि त्यातली बरीच जण शेवटी कंटाळून दात काढून मोकळी होतात.

दुखणं कसं वाढत गेलं

सुरुवात गार पाण्यापासून झाली. माठातलं पाणी प्यायलं की कळ यायची आणि लगेच जायची. या टप्प्यावर कीड दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे इनॅमलमधून, आतल्या मऊ थरात गेलेली असते, पण नसेपर्यंत पोचलेली नसते. इनॅमल एकदा गेलं की पुन्हा तयार होत नाही, म्हणून कीड कोरून सिमेंट भरावं लागतं. मामी त्या वेळी गेली असती तर एका बैठकीत काम संपलं असतं. ती गेली नाही, कारण दुखणं टिकत नव्हतं.

काही महिन्यांनी गरम चहाही लागायला लागला आणि कळ पाच-दहा मिनिटं राहायला लागली. मग रात्रीचा ठणका सुरू झाला. आडवं झालं की वाढायचा, उठून बसलं की थोडा कमी व्हायचा. दाताच्या आतल्या नसेला सूज आली की तिला पसरायला जागाच नसते, चारी बाजूंनी कठीण भिंती. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि ठणका जास्त जाणवतो. इथवर आलेली नस परत बरी होत नाही. कळ काही सेकंदांत जाते की मागे रेंगाळते, हा फरक डॉक्टरला सांगायलाच हवा, कारण सिमेंट भरून भागेल की रूट कॅनल, म्हणजे आतली नस काढून ती जागा भरणं, लागेल याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

घरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवणं चालू होतं. लवंगेत युजेनॉल असतं, त्याने दात खरंच थोडा वेळ बधिर होतो, त्यामुळे तो उपाय खोटा नाही. पण कीड जागच्या जागी राहते, आणि बोळा रात्रभर हिरडीला चिकटून राहिला तर हिरडी भाजते. मामीची भाजली होती. मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुखण्याची गोळी मामी मनाने आठ-दहा दिवस घेत राहिली. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाने तसल्या गोळ्या अशा घेणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं, आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं याचा मला अजून राग येतो.

मग एक दिवस ठणका अचानक थांबला. सगळ्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. प्रत्यक्षात आतली नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही, पण तिथे जंतू वाढत राहतात आणि मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात उतरतात. त्या जागी रक्तपुरवठाच उरलेला नसल्यामुळे अँटिबायोटिक आत पोचत नाही. म्हणून कितीही कोर्स केले तरी दातातलं मूळ कारण तसंच राहतं. दोनेक महिन्यांनी चावताना ती दाढ ‘उंच’ लागायला लागली, बाजूच्या हिरडीवर पुटकुळी आली, फुटली, पुन्हा आली. गालावर सूज दिसल्यावर मात्र मामाने दवाखाना गाठायला लावलं.

सुजेबद्दल एक इशारा इथेच देतो. खालच्या दाढांचा पू जबड्याखाली, गळ्याकडे पसरू शकतो. ताप, तोंड उघडायला त्रास, गिळताना अडचण, जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज, यातलं काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठायचं. मामीची सूज तेवढी नव्हती.

पहिले दोन सल्ले

पहिला दवाखाना चकचकीत, अनेक शाखा असलेला. आत गेल्यावर संपूर्ण जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात. पाच मिनिटांत डॉक्टरांनी तोंड पाहिलं, आणि पुढचं बोलणं वेगळ्या टेबलावर, कोट घातलेल्या एका मुलीबरोबर झालं. ती डॉक्टर नव्हती. तिने छापील कागद दिला: पाच रूट कॅनल ३५,००० रुपये, पाच झिर्कोनियाच्या टोप्या, म्हणजे दातावर बसवायची कडक आवरणं, ७०,०००, रिकाम्या जागी एक इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का बसवलेला कृत्रिम दात, ४५,०००, हिरड्यांची खोल सफाई ८,०००. एकूण १,५८,०००. आजच अनामत भरली तर सूट, शिवाय हप्त्यांची सोय. मामी म्हणाली, “अगं, दुखते एकच दाढ, बाकीच्या चार कशाला?” उत्तर मिळालं, “काकू, आता नाही दुखत, पण पुढे दुखतील.”

दुसरा सल्ला गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांचा. मनाने चांगला माणूस, मामाला वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यांनी दाढ पाहिली, हलवून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, तुम्हाला साखर आहे, कशाला चार-चार फेऱ्या मारता? काढून टाकू, ८०० रुपये.” एक्स-रे काढला नाही.

घरात दोन पक्ष पडले. मामा म्हणे काढून टाकू, मामेभाऊ म्हणे मोठ्या ठिकाणचं मशीन खोटं कसं बोलेल. त्याच्या मनात किंमत आणि खरेपणा यांची सांगड बसली होती, आणि ती आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात बसलेली असते.

मला त्या छापील कागदातली एक गोष्ट कामाची वाटली. त्यावर दातांचे नंबर होते. आपल्याकडे आणि इतर बऱ्याच देशांत दंतवैद्य दोन आकडी नंबर वापरतात. तोंडाचे चार भाग: रुग्णाचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजत जायचा, १ ते ८. आठवी अक्कलदाढ. म्हणजे मामीची दुखरी दाढ ३६, खालच्या डाव्या बाजूची सहावी. गावाला काढलेली ४६. आणि रूट कॅनल सांगितलेले दात ३६, ३७, २६, १४ आणि १५. नंबर हाताशी असले की दोन डॉक्टरांची मतं दाताला दात लावून ताडता येतात. ‘पाच रूट कॅनल’ या आकड्यावर कोणालाच काही विचारता येत नाही. ‘२६ला रूट कॅनल का?’ या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

तिसरं मत

आम्ही मामीला मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. सीएसएमटी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. सकाळी लवकर जावं लागतं, केसपेपरची रांग असते, आणि डोंबिवलीहून गर्दीच्या वेळेची लोकल हा मधुमेही बाईसाठी स्वतंत्र त्रास आहे. मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालयही आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे, आणि पुणे, सांगली, कराड, लोणी, वर्धा अशा बऱ्याच ठिकाणी खासगी दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत तपासणी होते. तिथे विद्यार्थी काम करतात म्हणून लोक बिचकतात. निदानाच्या बाबतीत मला ते उलट फायद्याचं वाटतं: विद्यार्थ्याला प्रत्येक निष्कर्षाचं कारण वरिष्ठांना सांगावं लागतं, आणि रुग्ण ते खुर्चीत बसून ऐकतो.

तपासणी कशी झाली ते तपशिलाने सांगतो, कारण खरी तपासणी कशी असते हे पाहिलं की अर्धवट तपासणी ओळखता येते.

आधी प्रश्न: दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, किती वेळ टिकतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतलंय का. साखरेचा शेवटचा रिपोर्ट मागितला. तीन महिन्यांची सरासरी ८.४ होती, म्हणजे जास्तच. मग दाताला हात लावण्याआधी गाल आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू असं सगळं पाहिलं. मिश्री किती वर्षं, दिवसातून किती वेळा, हे विचारलं आणि तोंड किती उघडतं तेही पाहिलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री, तपकीर, चुना लावलेला तंबाखू घरोघर आहे. न बरी होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा सगळ्यात आधी दाताच्या डॉक्टरलाच दिसू शकतो. मामीच्या गालात सुदैवाने काही नव्हतं. पहिल्या दोन्ही ठिकाणी हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मग कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार फवारा मारून तो एकेका दाताला लावला. ३७ला गार लागलं आणि लगेच गेलं. २६, १४, १५ने तसंच उत्तर दिलं, म्हणजे नसा जिवंत आणि शाबूत. ३६ला काहीच कळलं नाही. मग आरशाच्या दांडीने हलकेच टकटक: ३६वर मामी दचकली, बाकी ठीक. मग खुणा असलेल्या बारीक सळीने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजली. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर असते, मामीची काही ठिकाणी पाच होती. ३६भोवती एकाच जागी सळी खूप खोल जात नव्हती, हे महत्त्वाचं, कारण तसं झालं असतं तर मूळ उभं तडकल्याची शंका आली असती, आणि तडकलेलं मूळ सहसा वाचत नाही. शेवटी त्या त्या दातांचे छोटे एक्स-रे. मोठ्या ओपीजीत सगळा जबडा दिसतो, पण बारीक कीड पारखायला तो पुरेसा स्पष्ट नसतो; त्यासाठी छोटी फिल्मच लागते. ३६च्या मुळाच्या टोकाशी काळी सावली होती, म्हणजे हाड झिजलेलं.

निष्कर्ष दातागणिक आला. ३६: नस मेलेली, मुळाशी पू, पण वरचा भाग टोपी धरण्याइतका शिल्लक आहे, म्हणून रूट कॅनल आणि टोपी. ३७: कीड आहे, नसेपासून लांब आहे, सिमेंट भरा. २६: जुनी चांदी भरलेली, कडा काळ्या पडल्यात, खाली नवी कीड नाही, हात लावू नका, वर्षाने पाहू. १४ आणि १५: कीड नाहीच. मिश्री बोटाने घासून घासून आणि वर कडक ब्रश आडवा चालवून हिरडीजवळ दात झिजून खाचा पडल्यात, म्हणून गार लागतं. खाचा भरा, ब्रश मऊ घ्या, मिश्री बंद करा. मिश्रीचे काळे डाग बाकी दातांच्या खाचांत होतेच, आणि घाईच्या नजरेला ते किडीसारखे दिसतात.

इथे पहिल्या दवाखान्यालाही न्याय द्यायला हवा. दोन प्रामाणिक दंतवैद्यांची मतं वेगळी असू शकतात. २६ची जुनी चांदी बदलावी की नुसतं लक्ष ठेवावं, यावर खरंच दोन मतं आहेत. पण नस जिवंत आहे की मेलेली हे तपासल्याशिवाय पाच रूट कॅनल सांगणं हा मतभेद नाही. आणि जुन्या डॉक्टरांचं म्हणणं एका अर्थी समजूतदारपणाचं होतं. दाढ तडकली असेल, वर काही शिल्लक नसेल, हाड फार झिजलं असेल किंवा घरच्या खर्चात बसतच नसेल, तर दात काढणं हाही योग्य उपचार आहे. फक्त एक्स-रे न काढता तो निर्णय घेता येत नाही. साखर वाढलेली असताना दात काढल्यावरची जखमही सावकाश भरते, हे ते सांगायचे राहिले.

काम कोणाकडून करून घ्यायचं

एवढं निदान हातात आल्यावर डॉक्टर शोधणं सोपं झालं. आता शोध ‘चांगला डेंटिस्ट’ असा मोघम नव्हता. खालच्या दाढेचं रूट कॅनल नीट करणारा माणूस हवा होता, घराजवळ. महाविद्यालयात काम स्वस्तात झालं असतं, पण एवढ्या फेऱ्यांची लोकल मामीला झेपणारी नव्हती.

बी.डी.एस. हा दंतवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम, त्यानंतर तीन वर्षांचं एम.डी.एस. कोणताही नोंदणीकृत बी.डी.एस. डॉक्टर रूट कॅनल करू शकतो, आणि कित्येक जण उत्तम करतात. पण मुळं वाकडी असतील किंवा आधीचं रूट कॅनल बिघडलेलं असेल तर त्या विषयातला एम.डी.एस. गाठलेला बरा. त्या शाखेचं नाव एंडोडॉन्टिक्स. हिरड्यांची, वेड्यावाकड्या दातांची, लहान मुलांची, कवळी-टोपीची शाखा वेगवेगळी असते. अनेक छोट्या दवाखान्यांत विशेषज्ञ ठरलेल्या वारी बाहेरून येतो, यात वावगं काही नाही, मात्र ‘काम नक्की कोण करणार आणि नंतर दुखलं तर कोण बघणार’ हे आधी विचारावं. नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो. १९४८च्या कायद्याप्रमाणे नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे होत आली आहे. बोर्डावर नुसतं ‘दातांचा दवाखाना’ असेल आणि क्रमांक कुठेच नसेल तर पायरी उतरावी.

आम्ही दोन दवाखाने पाहिले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर बाईंनी महाविद्यालयाचा कागद वाचला, तरी स्वतः गारवा लावून ३६ पुन्हा तपासली. हे मला फार आवडलं. अवजारं बंद पाकिटातून आमच्यासमोर काढली. त्या पाकिटावर एक पट्टी असते, जी ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेत रंग बदलते; ती बदललेली दिसली. रबर डॅम वापरता का, असं विचारल्यावर त्यांनी हसून हो म्हटलं. हा रबराचा पातळ पडदा फक्त कामाचा दात उघडा ठेवतो, लाळ आत जात नाही आणि बारीक अवजार चुकून घशात पडत नाही. खर्च त्यांनी दातागणिक लिहून दिला: ३६चं रूट कॅनल ६,०००, टोपी ४,५००, ३७चं सिमेंट १,२००, १४ आणि १५ मिळून २,०००, हिरड्यांची खोल सफाई दोन बैठकांत ४,०००. एकूण १७,७००. इम्प्लांट सोडून पहिल्या दवाखान्याचा हिशोब १,१३,००० होतो. भाव गावागणिक बदलतात, त्यामुळे हे आकडे प्रमाण मानू नयेत. फरक मुख्यतः भावाचा नव्हता, कामाच्या यादीचा होता. आरोग्य विम्यात बहुतेक पॉलिसी अपघाताशिवायचे दातांचे उपचार धरत नाहीत, म्हणून हे सगळं खिशातूनच गेलं.

रूट कॅनल आणि टोपी

वेळ सकाळची घेतली, मामीने नाश्ता आणि साखरेची गोळी घेऊनच जायचं ठरलं. भीतीने उपाशी गेलेल्या मधुमेही माणसाची साखर खुर्चीतच उतरू शकते. खालच्या दाढेला इंजेक्शन जबड्याच्या मागे, मुख्य नसेजवळ देतात, त्यामुळे अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दोन-तीन तास बधिर राहते. त्या वेळात जेवायचं नाही, गाल चावला जातो आणि कळत नाही.

दाताला वरून छोटं छिद्र पाडलं आणि आतून पू निघाला. वास खोलीभर पसरला. मामीला तेव्हाच हलकं वाटलं. खालच्या सहाव्या दाढेला साधारणपणे दोन मुळं आणि तीन कॅनल, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक नळ्या, असतात, कधीकधी चौथाही. तो शोधायचा राहिला तर दात वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा दुखतो, म्हणून डॉक्टर बाई भिंगातून बराच वेळ पाहत होत्या. मामीचे तीनच निघाले. एक छोटं यंत्र तार मुळाच्या टोकाशी पोचल्यावर आवाज करतं, त्यावरून लांबी कळते, साधारण वीस-एकवीस मिलिमीटर. मग लवचीक तारांनी कॅनल घासून रुंद करायचे आणि मधेमधे सोडियम हायपोक्लोराइटने धुवायचे. त्याला जलतरण तलावाच्या पाण्यासारखा वास येतो. खरं निर्जंतुकीकरण या धुण्यातच असतं, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

पू होता म्हणून पहिल्या दिवशी आत औषध ठेवून तात्पुरतं बंद केलं. दुसऱ्या बैठकीला टकटक केल्यावर दुखलं नाही, पुटकुळी बसलेली होती. मग गटापर्चा नावाच्या रबरासारख्या काड्यांनी कॅनल टोकापर्यंत भरले आणि एक्स-रे काढून दाखवला: पांढऱ्या रेघा मुळाच्या टोकाच्या जरा आत थांबलेल्या. हा एक्स-रे प्रत्येकाने मागून घ्यावा, मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. रेघा अर्ध्यातच थांबलेल्या दिसल्या तर कारण विचारावं.

मामीला वाटलं, दुखणं गेलं, टोपी राहू दे. मागच्या दाढेत एवढं कोरल्यावर भिंती पातळ होतात, आणि चावण्याचा सगळा भार तिथेच असतो. टोपीविना ती शेंगदाण्यालाही तडकू शकते, आणि मग खरंच काढावी लागते. टोपीसाठी दात चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर घासतात. झिर्कोनिया मजबूत आणि महाग, धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त पण कडेचा तुकडा उडू शकतो, संपूर्ण धातूची सगळ्यात टिकाऊ पण दिसायला चांदीची. मामीने मधली घेतली. बसवल्यावर निळा कागद चावायला देऊन जिथे टोपी जास्त लागते तिथे घासली. ‘सवय होईल’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नये. उंच टोपीने दात पुन्हा दुखतो.

हिरड्या, आणि रिकामी जागा

खोल सफाईला मामीचा सगळ्यात मोठा विरोध होता. तिच्या शेजारणीचे दात साफ केल्यावर हलायला लागले होते म्हणे. दाताला चिकटलेला कडक थर ब्रशने निघत नाही. तो हिरडीखाली साचतो, आतलं हाड झिजवतो, आणि दात मुळात सैल झालेला असतानाही त्याला बाजूच्या दाताशी जखडून ठेवतो. थर निघाला की आधीचीच हलणूक कळते आणि बोट दाखवलं जातं सफाईकडे. मधुमेहात हे जास्त गांभीर्याने घ्यावं लागतं: साखर जास्त असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज असली की साखर आवरत नाही. हिरड्यांचे उपचार झाल्यावर साखरेची सरासरी थोडी का होईना खाली येते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. मामीची ७.६ वर आली. त्यात फिरायला जाणं आणि औषधात झालेला बदल यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय सफाईला देता येणार नाही. पण सकाळी ब्रश करताना येणारं रक्त थांबलं, ते सफाईमुळेच.

मिश्री दिवसाला चार वेळांवरून एकावर आली आहे. पूर्ण सुटावी म्हणून मी मागे लागलोय आणि ती चिडते. दर सहा महिन्यांनी तोंड आतून तपासून घ्यायचं मात्र तिने कबूल केलंय.

सहा महिन्यांनी ३६चा पुन्हा एक्स-रे काढला. मुळाशी असलेली काळी सावली लहान झाली आहे, हाड भरतंय. आणखी सहा महिन्यांनी परत पाहायचं.

उरली ४६ची रिकामी जागा. बरीच वर्षं तशीच राहिल्यामुळे मागची ४७ पुढे कलली आहे आणि वरची १६ खाली उतरली आहे. दात काढताना ‘नंतर काय’ हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही, त्याचा हा परिणाम. पर्याय तीन आहेत. ब्रिज: ४५ आणि ४७ दोन्ही दात घासून तीन टोप्यांची जोडणी, पण कललेल्या ४७मुळे घासणं जास्त. इम्प्लांट: हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडाशी जुळायला काही महिने, मग वर दात, शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण साखर आटोक्यात हवी आणि खर्च मोठा. तिसरा, काढता-घालता येणारी छोटी कवळी, स्वस्त आणि कटकटीची. काहीच न करणं हाही चौथा पर्याय डॉक्टर बाईंनी मोकळेपणाने सांगितला, कारण दात जेवढे सरकायचे तेवढे बहुधा सरकून झालेत आणि मामीला आता डावीकडून नीट चावता येतंय. मामी सध्या चौथ्यावर आहे. साखर आणखी उतरली की उन्हाळ्यानंतर इम्प्लांटचा विचार करू म्हणते. तोवर मामाच्या निवृत्तीचे राहिलेले पैसेही हातात येतील.